वीतभर आखूड जॅक

माझा धाकटा भाऊ मरहून याचा फोन वाजला की आमच्या गल्लीतल्या बायका आधी आभाळाकडे बघतात. वारा सुटलेला असेल तर कुणाची तरी गाडी वाळूत रुतली, हे ठरलेलं. मग मरहून जेवत असो, झोपलेला असो, एकदा तर अर्धीच दाढी झाली होती, तो तसाच उठतो, दोर खांद्यावर टाकतो आणि "आलो" एवढंच बोलून निघतो. आमच्या बिदिया गावात वाळवंटाची वाळू अंगणाच्या भिंतीपासूनच सुरू होते, त्यामुळे रुतणाऱ्यांना तोटा नाही. हाक आली की जायचं, कोण आहे, कुठला आहे, तिकडे कशाला कडमडला होता हे विचारायचं नाही, ही रीत इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी हाका यायच्या त्या मरहूनलाच, कारण बाकीचे येतो म्हणून सांगतात आणि आधी कहवा, म्हणजे आमची बिनदुधाची कॉफी, संपवतात.

दिसायला तो मीठ लावून वाळवलेल्या मुशी माशासारखा, काटक, काळपट आणि टिकाऊ. माणसांशी बोलणं कमी, गाड्यांशी जास्त. चाकापाशी उकिडवा बसला की "ये गं बाई, उचल जरा अंग" असं पुटपुटत असतो. त्याची बायको शम्सा म्हणते, "माझ्याशी दोन शब्द बोलायला हवे असतील तर मला पंक्चर व्हावं लागेल."

त्याची स्वतःची पिकअप साधी, कारखान्यातून आली तेवढ्याच उंचीची. आजकालची पोरं गाडीखाली जाडजूड पाटे घालतात, कमरेएवढी चाकं लावतात आणि गाडी आभाळात नेऊन ठेवतात. वाळूत ती चालते छान, हे मरहूनही मान्य करायचा. पण म्हणायचा, "उंट उंच असला तरी चढायच्या वेळी खाली बसतो. ह्या बसतात का?"

गाडी उचलायला त्याच्याकडे एक जॅक होता. लाल रंगाचा, बाटलीसारखा ठेंगणा, आत तेल असलेला. दांडा हलवला की आवाज न करता वर यायचा. वाळूत खाली जाऊ नये म्हणून त्याच्याखाली ठेवायची एक फळी होती, ती इतकी वापरून गुळगुळीत झाली होती की शम्साने एकदा चुकून तिच्यावर पीठ मळलं. त्या जॅकने किती गाड्या उचलल्या असतील कोण जाणे. मरहून तो मऊ कापडात गुंडाळून बसायच्या जागेमागे ठेवायचा. दुसरे पुरुष कमरेचा खंजीर जपतात, आमचा हा जॅक जपायचा.

त्याची एकुलती एक लेक रय्या. तिचं लग्न शेजारच्या इब्रा गावातल्या हलवाई हिलालच्या मुलाशी झालं. मुलाचं नाव अझ्झान. मुलगा चांगला, हसरा, दंड असे की बघत राहावं. आठवडाभर तांब्याच्या मोठ्या कढईत हलवा ढवळायचा म्हणजे दंड होणारच. हलवा काही तास सतत ढवळावा लागतो, हात थांबला की तळाला लागला. आणि शुक्रवार आला की हा आपली गाडी घेऊन वाळूत. त्याची गाडी त्या उंच गाड्यांपैकीच. पहिल्यांदा बसले तेव्हा मला चढायला अंगणातलं स्टूल लागलं आणि उतरायला नवरा-बायको दोघंही लागली.

लग्नानंतर थोड्याच दिवसांनी अझ्झान आपल्या वडिलांना घेऊन मरहूनकडे जेवायला आला. शेजारपाजारचे चार पुरुषही बोलावले होते. शम्साने भात आणि मटण चढवलं होतं, मी कांदे चिरायला गेले होते. नेमकं मरहूनचं पुढचं चाक बसलेलं निघालं, म्हणून जेवण होईपर्यंत तो ते बदलत होता आणि बाकीचे खजूर खात त्याच्याभोवती उभे होते. पुरुषांना दुसऱ्याचं काम बघायला फार आवडतं.

जॅक अलगद वर आला. अझ्झान कौतुकाने म्हणाला, "काका, जॅक म्हणावा तर असा. माझा तो खांबाचा नुसता खडखडतो."

आता आमच्याकडे वस्तूची अशी तोंडभर स्तुती झाली की मालकाने "तुझीच समज" म्हणायचं. समोरच्याने "तुमच्यापाशीच शोभते" म्हणायचं. असं दोनदा इकडून तिकडे झालं की बहुतेक वेळा गोष्ट तिथेच मिटते आणि सगळे कहव्याकडे वळतात. पण समोर नवा जावई. व्याही बघतोय. शेजारी बघतायत. मरहून तिसऱ्यांदाही म्हणाला, "नाही, घ्यायचाच." तिसऱ्यांदा नाही म्हणणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. अझ्झानने मान लववली आणि घेतला.

मरहूनने कापडात गुंडाळून तो, खालच्या फळीसकट, त्याच्या हातात दिला, आणि त्याच वेळी त्याची नजर मागे उभ्या असलेल्या त्या उंच गाडीवर गेली. जॅक ताकदीला कमी नव्हता, अझ्झानची गाडी त्याने सहज पेलली असती. पण उंचीला कमी होता. वीतभर तरी. मरहूनला हे कळायला मोजावं लागत नाही, शिंप्याला जसा माणूस दारातून आत आला की बाह्या दिसतात तसं त्याला दिसतं. त्याच्या ओठांवर शब्द आले होते. पण त्या घटकेला "तुझ्या गाडीला हा पुरणार नाही" म्हणणं म्हणजे दिलेली वस्तू हातात ठेवून मागे ओढणं. सगळ्यांना वाटलं असतं, मरहूनचा जीव जॅकमध्ये अडकला. तेवढ्यात हिलाल मोठ्याने म्हणाला, "वा, असा सासरा मला नाही मिळाला." सगळे हसले. मरहूनही हसला आणि गप्प राहिला.

त्याने मनाची समजूत घातली, की पोराकडे तो उंच खांबाचा जॅक आहेच, अडलं तर तो वापरेल.

पुढेही त्याला बोलता आलं असतं असं तुम्हाला वाटेल. पण दिलेल्या वस्तूचं नाव परत काढायचं नाही, ही दुसरी रीत. ती कशी चालते, उपयोगी पडते का, एवढंही विचारायचं नाही. विचारलं की ते उपकार मोजल्यासारखं होतं. त्यामुळे मरहून मुलीकडे जायचा, गाडी दारात बघायचा, आणि हवापाण्याचं बोलून परत यायचा.

तिकडे अझ्झानने काय केलं, तर सासऱ्याने एवढा जिवाचा जॅक दिला म्हणून आपला खांबाचा खडखडणारा चुलतभावाला देऊन टाकला. दोन-दोन कशाला ठेवायचे, सासऱ्याच्या देणगीवर विश्वास नाही असं दिसेल, असं तो रय्याला म्हणाला. भला मुलगा. इतका भला नसता तर बरं झालं असतं.

थंडीतल्या एका शुक्रवारी अझ्झान आणि रय्या दोघंच वाळूत गेली. मांस भाजायला लाकडं घेतली होती, किटलीत कहवा होता. टेकड्यांच्या मधल्या सपाट जागी कसल्या तरी जुन्या गाडलेल्या लोखंडाने मागचं चाक फाटलं. अझ्झानने हसत जॅक काढला. खाली फळी ठेवली, तरी पुरेना. फळीवर सरपणाची दोन लाकडं आडवी ठेवली आणि त्यांवर जॅक. गाडी एवढी उचलली गेली की फाटलेलं चाक निघालं. पण फाटलेलं चाक बसकं असतं आणि नवं, हवा भरलेलं चाक मोठं. ते आत जाईना. वीतभर जागा हवी होती. जॅक आणखी वर येत नव्हता, म्हणून अझ्झान पालथा पडून खालची वाळू हाताने उपसायला लागला. वाळूत सगळे असंच करतात. रय्या स्टेपनी धरून उभी होती. वरचं लाकूड फिरलं, जॅक कलंडला आणि गाडी त्याच्या उजव्या हातावर बसली.

खाली खडक असता तर हात गेलाच असता. वाळूने थोडी जागा दिली. रय्याने ताटलीने, मग नखांनी, हाताखालची वाळू काढली आणि हात सोडवला. ओढणी फाडून बांधला. मग टेकाड चढून जिथे फोन लागला तिथून तिने दुसऱ्या कुणाला नाही, बापाला फोन केला.

मरहून पोचला तेव्हा अझ्झान गाडीच्या सावलीत पडला होता. लेक धावत समोर आली, तिच्या बोटांतून रक्त येत होतं. आणि मरहूनने आधी बघितलं ते वाळूत आडव्या पडलेल्या त्या लाल जॅककडे.

इस्पितळात हाताचं हाड जुळवलं. बोटं राहिली, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळेनात. डॉक्टर म्हणाले, वळतील किंवा नाही वळणार. ढवळायचा तो लांब दांडा धरायला सगळी बोटं लागतात. म्हातारा हिलाल पुन्हा कढईपाशी उभा राहिला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अझ्झान सांगायचा, चूक माझीच, मला लाकडं नीट रचता आली नाहीत, काकांचा जॅक काय वाईट आहे, तो तर हिरा आहे. मरहून तिथेच कोपऱ्यात बसलेला असायचा. प्रत्येक वेळी तो हिरा हा शब्द आला की तो पायातल्या चपलेचा पट्टा नीट करायचा. पट्ट्याला काही झालेलं नव्हतं.

मग तो बदलला. जेवण कमी झालं. हिलालकडून हलव्याचा डबा आला की तो हातच लावायचा नाही, गोड सोसत नाही म्हणायचा. जन्मभर भाताआधी हलवा खाणारा माणूस. फोन वाजला की जायचा, ते काही त्याने सोडलं नाही, पण जाताना गाडीशी बोलायचा बंद झाला. शम्सा मला म्हणाली, "ताई, पूर्वी निदान पिकअपशी तरी बोलत होते."

एका सकाळी मी बकऱ्यांना चारा टाकत होते. तो येऊन गोठ्याच्या उंबऱ्यावर बसला आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. अंगणातली ती नजर, ओठांवर आलेले शब्द, सगळं. मी ऐकून घेतलं. मी म्हटलं, सांग त्याला. तो म्हणाला, सांगितलं तर पोरीचा संसार. हिलाल म्हणेल, या माणसाने जाणूनबुजून माझ्या मुलाचा हात घालवला, आणि रोज रय्याच्या तोंडाकडे बघून त्याला तेच आठवेल.

"मग नको सांगूस," मी म्हटलं.

"नाही सांगितलं तर तो पुन्हा तोच जॅक घेऊन जाईल, ताई. रय्या म्हणाली, त्याने तो पुसून, तेल घालून गाडीत ठेवलाय. हात जरा बरा झाला की निघणार. आणि ती बरोबर जाणार."

खरी गाठ इथे होती. दुसरा जॅक नेऊन दिला तर पहिला वाईट होता हे आपोआप कबूल झालं. आणि काही न करावं तर पोरगी पुन्हा त्या लाकडांच्या ढिगापाशी स्टेपनी धरून उभी.

मरहूनने आधी आडवाटा धरल्या. रय्याला फोन करून म्हणाला, गाडीची उंची जरा कमी करून घ्या, आजकाल ती पद्धत गेली. रय्या म्हणाली, बाबा, तुम्हाला पद्धती कधीपासून कळायला लागल्या. मग त्याने इब्राच्या टायरवाल्याला गाठलं आणि अझ्झान आला की सहज मोठा जॅक सुचव म्हणून विनवलं. टायरवाल्याने सुचवला. अझ्झानने उत्तर दिलं, सासऱ्याने स्वतःचा काढून दिलेला असताना मी दुसरा विकत घेऊ? लोक काय म्हणतील. टायरवाल्याने हे मरहूनला जसंच्या तसं कळवलं, वर जावई लाखात एक आहे असंही सांगितलं.

अखेर एक दिवस तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, चल, रय्याला भेटून येऊ. माझ्या गुडघ्यांना कधी नव्हे ती अशी कणव दाखवली, दार उघडून बसवलं, तेव्हाच मला कळलं की मी निमित्त आहे. वाटेत तो पुटपुटत होता, पण गाडीशी नाही. तुझे वडील समोर होते, शब्द गेला होता, माणसं होती, असं काहीबाही. तोंडाने तालीम चालली होती.

हलव्याचं दुकान खाली, घर वर. अझ्झानची गाडी दुकानाच्या बाजूला उभी. मरहूनच्या हातात खजुराच्या झावळीचा एक सरळ दांडा होता. त्याचा बेत असा होता की कुणाला न कळता गाडी मोजायची, नीट मापाचा जॅक घ्यायचा, आणि मग बोलायचं की नाही ते बघायचं. मला त्याने पिकअपमध्ये बसून लक्ष ठेवायला सांगितलं. या वयात मला पहारेकरी केलं.

पण उंच गाडीचा जॅक निवडायचा तर दोन मापं लागतात. चाक बसलेलं असताना गाडीखालचा आसाचा दांडा जमिनीपासून किती उरतो, कारण जॅक मिटलेला असताना तेवढ्या फटीत शिरला पाहिजे. आणि हवा भरलेलं चाक आत जायला तो दांडा किती वर यावा लागतो, कारण जॅक उघडल्यावर तिथवर पोचला पाहिजे. नुसता उंच घेतला तर आत जात नाही, नुसता ठेंगणा घेतला तर वर येत नाही. तर पहिलं माप घ्यायला चाक बसकं करायला हवं. मरहून मागच्या चाकापाशी बसला आणि हवा सोडायला लागला. ती फुस्स आवाज करत अशी सुटली की अख्ख्या गल्लीने ऐकली.

अझ्झान माझ्यासाठी हलव्याची वाटी घेऊन बाहेर आला. डाव्या हातात वाटी, उजवा हात छातीशी. तो थबकला आणि म्हणाला, "काका, माझ्या चाकाची हवा का सोडताय?"

मागोमाग हिलाल आला, आणि दुकानात हलव्याची चव बघायला बसलेली दोघं-तिघं गिऱ्हाइकंही. हिलालचा हलवा गोड पण जीभ तिखट. तो म्हणाला, "व्याहीबुवा, आमच्या दारात येऊन आमचीच हवा काढताय होय. आत या, कहवा घ्या, मग निवांत काढा."

हे हसण्यावारी नेता आलं असतं. हवा तपासत होतो, एवढं म्हटलं की झालं. मला वाटलं, म्हणेलच. मरहून उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, "अझ्झान, मी दिलेला जॅक मला परत हवाय."

आमच्या भागात माणूस उपाशी राहील, पण दिलेली वस्तू परत मागणार नाही. मी तरी जन्मात ऐकलं नव्हतं. गिऱ्हाइकांनी खाली बघितलं. हिलालला आधी थट्टा वाटली, मग ती नाही हे कळलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"आणखी काही राहिलं असेल तर तेही आत्ताच सांग," तो म्हणाला. "मुलगी वर आहे. तिलाही न्यायचंय?"

गिऱ्हाइकांना एकदम आपापली कामं आठवली. ती गेली, आणि जेवढं ऐकलं तेवढं बरोबर घेऊन गेली.

अझ्झानने वाटी पायरीवर ठेवली, गाडीतून जॅक काढला. त्याच कापडात गुंडाळलेला होता. उजवा हात पुढे केला, दोन बोटं सरळच राहिली. मरहूनने जॅक घेतला आणि मग म्हणाला, "तुझ्या गाडीला हा आखूड आहे."

"ते कळलं मला. वाळूत कळलं."

"मला अंगणातच कळलं होतं. तुझ्या हातात देत होतो तेव्हा."

अझ्झान त्याच्याकडे बघत राहिला. मग आपल्या हाताकडे बघितलं. "देतानाच?"

"देतानाच."

"मग बोलला का नाहीत?"

वाटभर केलेल्या तालमीतलं एकही वाक्य मरहूनने काढलं नाही. तो म्हणाला, "लाज वाटली. देऊन मागे घेतो, कंजूष आहे, असं म्हणाल म्हणून."

हिलाल पायरीवर बसला, हलव्याच्या वाटीशेजारी. मला वाटलं, आता हा ओरडेल. त्याने आवाज चढवला असता तर मरहूनला सोपं गेलं असतं. तो हळूच म्हणाला, "उजवा हात आहे रे त्याचा, मरहून."

अझ्झानने हात पुन्हा छातीशी घेतला आणि विचारलं, "रय्याला ठाऊक आहे?"

मरहूनने नाही म्हणून मान हलवली.

"मग वर जाऊन सांगा. मी नाही सांगणार. ते तुमचं आहे."

तो वर गेला. मी मागोमाग निघाले, पण गुडघ्यांनी मला जिन्याच्या मध्यावरच थांबवलं आणि तिथून सगळं ऐकू येत होतं, त्यात माझा दोष नाही. मरहून थोडकंच बोलला. मग रय्याने भाताचं थडथडणारं झाकण उचलून खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तुम्ही आलात तेव्हा आधी जॅककडे बघितलंत," रय्या म्हणाली. "माझ्याकडे नाही. मला तेव्हा वाटलं, बाबांना धक्का बसलाय."

मरहून काहीतरी पुटपुटला.

"मी रागावलेय. किती दिवस रागावेन मला ठाऊक नाही, तुम्ही विचारू नका. भात झालाय. आत्याला वर आणा आणि जेवून जा."

जेवलो. असं जेवण मी पुन्हा कधी जेवू नये. हिलालने मांसाचा चांगला तुकडा मरहूनच्या बाजूला सारला, पाहुणा तो पाहुणाच. मरहूनने तो खाल्ला. माझ्या समोर बसून त्याने तो तुकडा कसा गिळला ते मी बघितलंय.

जेवणानंतर तो खाली उतरला आणि पुन्हा त्या बसलेल्या चाकापाशी गेला. काम अर्धं राहिलं होतं. तो झावळीचा दांडा उभा धरून वाकून बघत होता, तेव्हा अझ्झान येऊन पलीकडे बसला. त्याने दांड्याचं खालचं टोक डाव्या हाताने धरलं, म्हणजे हलू नये. मरहूनने नखाने एक खूण केली. मग मरहूनच्या पिकअपमधला पंप लावून चाक भरलं, आणि दुसरी खूण वर केली.

तो दांडा घेऊन दोघं बाजारात गेले. मी पिकअपमध्येच होते, कुणी मला उतरवायचं लक्षात ठेवलं नाही. दुकानदाराने विचारलं, किती टनी हवा. मरहून म्हणाला, ते मागाहून, आधी उंची. एक जॅक खांबाएवढा होता, तो खालच्या खुणेत शिरत नव्हता. एक ठेंगणा, आमच्याच जुन्याच्या भावंडासारखा, तो मरहूनने बघताच बाजूला केला. शेवटी एक निघाला तो मिटला की ठेंगणा आणि आतून एकात एक दोन नळ्या निघणारा, वरच्या खुणेच्याही वर जाणारा. मरहूनने तो उघडून, मिटून, दांड्याला लावून, पुन्हा उघडून बघितला. खाली ठेवायला रुंद लोखंडी पाट घेतला. लाकडं नकोत, असं तो दुकानदारालाच दोनदा सांगत होता, जसं काही दुकानदार लाकडं विकत होता.

मग तो जॅक त्याने अझ्झानपुढे ठेवला. "तुझाच समज" म्हणाला नाही. म्हणाला, "बघ बाबा, तुला चालेल का. नाही तर नाही म्हण."

अझ्झानने जॅकचा दांडा डाव्या हाताने चालवला. मग उजव्या हातात घेतला, तीन बोटांनी. थोडा वेळ चालवून बघितला. "डाव्याने चालेल," तो म्हणाला. नंतर म्हणाला, "आणि दांडा जरा जाड करून घ्यायला हवा. उजव्याने धरता येईल मग." मरहूनने तिथल्या तिथे दांड्यावर जुन्या टायरच्या रबराची पट्टी गुंडाळून दिली.

आम्ही बिदियाला पोचायच्या आधीच बातमी पोचली होती, ती गिऱ्हाइकं घेऊन गेली तेवढीच. मरहूनने जखमी जावयाच्या दारात जाऊन दिलेला जॅक परत मागितला. पुढचं काही नाही. आठवडाभरात त्याच्यावर विनोद निघाले. मरहूनने दोर टाकला तर गाडी निघाल्यावर आधी दोर परत द्या. मरहूनकडे कहवा प्यालात तर कप रिकामा करूनच उठा, उरला तर परत मागेल. ज्यांना त्याने वाळूतून ओढून काढलं तेही हे सांगून हसायचे. शम्सा रडकुंडीला आली. मला म्हणाली, ताई, आपण तरी घरोघर जाऊन खरं सांगू या. मरहूनने तिला अडवलं.

"राहू दे," तो म्हणाला. "ह्याच नावाला भिऊन मी गप्प बसलो होतो. आता लागलं तर लागू दे."

अझ्झानची ती दोन बोटं वळली नाहीत. हलवा ढवळायचा दांडा धरायची त्याने वेगळीच पद्धत बसवली, मनगटाला पट्टा बांधून. पूर्वीएवढा वेळ तो ढवळू शकत नाही, अर्ध्यावर हिलाल हात लावतो, आणि बाप-लेकात रोज वाद होतो की हलवा कुणाच्या पाळीत लागला. वाळूत जातात दोघं, अझ्झान आणि रय्या. नवा जॅक गाडीत असतो.

रय्या माहेरीही येते. बापाशी बोलते, कसे आहात, बरे आहात, सगळं बोलते. लग्नाआधी आणि नंतरही, मासा असला की त्याच्या ताटातले काटे ती काढून ठेवायची, कारण मरहूनला जवळचं नीट दिसत नाही आणि चष्मा लावायला तो लाजतो. आता ती नुसता मासा वाढते. शम्सा पुढे होऊन काढायला गेली तर तो ताट सरकवून घेतो, आणि सगळ्यांचं जेवण होऊन हात धुऊन झाले तरी एकटाच मान खाली घालून काटे काढत बसलेला असतो.